सापडलेली पिशवी घेऊन आलेल्या पोरांना आधी बसायला सांगा

राज्यातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांच्या ठाणे अंमलदारांस,

स. न. वि. वि.

तुमच्या टेबलाशी येणारी बहुतेक माणसं काही ना काही गमावून आलेली असतात. मोबाइल, मोटारसायकल, गळ्यातलं, कधी घरातलं माणूस. पण अधूनमधून एखादं पोरगं उलट्या कामासाठी येतं. त्याचं स्वतःचं काहीच गेलेलं नसतं. दुसऱ्याचं हरवलेलं त्याच्या हातात असतं आणि ते कुणाकडे द्यायचं एवढंच त्याला विचारायचं असतं. हे पत्र त्या पोराबद्दल आहे. तुमच्यापैकी अनेकांनी अशा पोरांना चहा पाजला असेल, पाठ थोपटली असेल. त्यांनी राग मानू नये, हे पत्र बाकीच्यांना आहे.

मी टपाल खात्यात काउंटरवर नोकरी करून निवृत्त झालो. टपालपेटी उघडली की पत्रांबरोबर कधी कधी ड्रायव्हिंग लायसन्स, पॅनकार्ड, कॉलेजचं ओळखपत्र, रबरबँड लावलेलं पैशाचं पाकीट असं काहीबाही निघायचं. पाकीटमार पैसे काढून उरलेलं पेटीत टाकतात असं आम्ही म्हणायचो, आणि बऱ्याचदा ते तसंच असायचं. पण काही पाकिटांत नोटा तशाच असायच्या. म्हणजे कुणालातरी ते रस्त्यात सापडलं, त्यानं उघडून पत्ता बघितला आणि दिसेल त्या पहिल्या लाल पेटीत टाकून तो निघून गेला. दार उघडं, काउंटर चालू, तरी तो आत का यायचा नाही, ते मला पुढे दोन पोरांनी सांगितलं.

माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, सत्तरी ओलांडलेली. पाहुण्यांकडच्या लग्नाला एसटीनं निघाली होती. उतरायच्या गडबडीत तिची कापडी पिशवी सीटखालीच राहिली. पिशवीत लग्नात नेसायची साडी, रुमालात बांधलेलं गंठण आणि कानातली फुलं, थोडे पैसे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या. मागच्या सीटवर आयटीआयला जाणारी दोन पोरं होती, एक वायरमनच्या ट्रेडचा, दुसरा फिटरच्या. शेवटच्या थांब्यावर उतरताना एकाच्या पायाला पिशवी लागली. फोन नंबर मिळतो का बघावं म्हणून त्यांनी ती उघडली. औषधाच्या दुकानाचं बिल मिळालं, त्यावर दुकानाचा नंबर होता. पण शेजारच्या रुमालातलं सोनंही दिसलं आणि दोघं घाबरली. कंडक्टरकडे द्यावी तर उद्या त्याच्यावर आळ यायचा, जवळ ठेवावी तर आपल्यावर. सोनं आहे म्हटल्यावर पोलिसांत देणं बरं, असं त्यांनी ठरवलं. सतराअठरा वर्षांच्या पोरांनी याहून शहाणा निर्णय काय घ्यायचा?

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं नाही, आणि ते ठाणं तुमच्यातलं कुठलंही असू शकतं.

दुपारी उन्हं कलायच्या आत ती ठाण्यात गेली. कुठं सापडली? तुम्ही त्या गाडीत काय करत होता? आत आणखी काय होतं? खरं सांगा, किती काढले? बाप काय करतो? आधार कार्ड दाखवा. एकानं बिलावरच्या नंबरला फोन लावतो म्हटलं, तर दोघांचे मोबाइल टेबलावर ठेवून घेतले. साहेब बंदोबस्ताला गेलेत, ते आल्यावर बघू. बसा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून दोघं भिंतीला टेकून उभी. टेबलावर फोन वाजत राहिला, स्क्रीनवर आईचं नाव दिसत होतं, आणि तो उचलू का हे विचारायची पोराची हिंमत झाली नाही. तुमच्याकडे कुणी त्यांना हातही लावला नाही, शिवीही दिली नाही. कागदावर बघितलं तर तक्रार करावी असं काहीच घडलं नाही.

रात्रपाळीला एक शिपाई मुलगी आली. वयानं या पोरांपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल, नवीन भरतीतली. तिनं विचारलं, ही पोरं कशात आहेत? कशातच नाहीत हे कळल्यावर तिनं ते बिल मागून घेतलं आणि औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदार अक्काला ओळखत होता, त्यानं माझ्या घरी कळवलं. लग्नघरातून अक्काला घेऊन आम्ही पोचलो तेव्हा ती दोघं त्या शिपाई मुलीनं दिलेल्या बाकावर बसून पार्लेचा पुडा खात होती.

अक्का आत आली तशी वायरमनच्या ट्रेडवाला उठला आणि म्हणाला, "आजी, आधी गोळ्या बघा. रात्रीची घ्यायची असंल." गंठणाचं नाव त्यानं काढलंच नाही. नंतर बोलता बोलता कळलं की एवढा वेळ थांबून राहिली तीही त्यासाठीच. पिशवी टेबलावर ठेवून पळून जावं असं फिटरच्या मनात दोनदा आलं होतं. पण ठाण्यात ती कपाटात पडून राहील, मग म्हातारीच्या गोळ्यांचं काय, असं दुसऱ्याचं म्हणणं पडलं.

अक्कानं पैसे पुढे केले. दोघांनी हात मागे घेतले. शेवटची गाडी गेलेली, म्हणून आम्ही त्यांना घरी आणलं. त्यांच्या आयांशी अक्का फोनवर इतकं बोलली की शेवटी माझी बायको म्हणाली, पोरांना जेवू तरी द्या. जेवताना मी सहज विचारलं, "पुन्हा अशी पिशवी सापडली तर काय कराल?" वायरमन म्हणाला, "देणार की काका. पण ठाण्यात नाही जाणार." दुसऱ्यानं भर घातली, "इन्स्टावर फोटो टाकू. ज्याची असंल तो येईल."

अंमलदार साहेब, या उत्तरासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. ती पोरं अजून प्रामाणिकच आहेत, फक्त त्यांच्या प्रामाणिकपणाच्या वाटेवरून तुमचं ठाणं पुसलं गेलं.

आणि याचा तोटा त्यांना नाही, तुम्हाला आहे. पाकिटाचा फोटो इन्स्टाग्रामवर पडला की त्याबरोबर कुणाचा तरी आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता सगळ्या गावाला दिसतो. मग 'ते माझंच' म्हणत भलताच माणूस येतो आणि पोरगं त्याला ते विश्वासानं देऊन टाकतं. सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा ढीग तुमच्याच टेबलावर येतो, त्यात ही एक वाढते. मोबाइलचं तर आणखी अवघड. हरवलेला फोन ब्लॉक करायची आणि शोधायची सोय 'संचार साथी' पोर्टलवर २०२३ पासून आहे, चांगली आहे, तिच्यामुळे फोन परतही मिळतात. पण तो फोन ज्या पोराला बाकावर सापडलाय त्याला पुढच्या दोन दिवसांत काय वाटत असेल? लोकेशन आपल्या घरचं दिसणार, पोलीस आपल्याच दारात येणार. तो फोन देऊन टाकायला त्याला निर्धास्त जागा नसेल तर तो सिमकार्ड काढून फोन नाल्यात फेकतो. चोर होता म्हणून नव्हे, घाबरला म्हणून.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. 'बेवारस वस्तूंना हात लावू नका' ही सूचना स्टेशनांवर आणि एसटी स्टँडवर वर्षानुवर्षं कानावर पडते, आणि ती उगाच नाही. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला तो तिथं ठेवून दिलेल्या बॅगेचाच होता. चोरीचा माल 'सापडला' म्हणून आणून देणारे महाभाग असतात. आणि सर्वांत नको असलेला प्रकार म्हणजे मालकच येऊन म्हणतो की आत वीस हजार होते, तुमच्याकडे पंधराच निघाले. मग आणणाऱ्यावर संशय, घेणाऱ्यावरही. काउंटरच्या आत बसून मीही फुटलेल्या पार्सलांवरून असली भांडणं ऐकलीत. चौकशी करायलाच हवी. पण पोराला तासन्‌तास भिंतीशी उभं करून यातलं काहीही सिद्ध होत नाही. पिशवी उघडून त्याच्यासमोर आतल्या वस्तू मोजून लिहून घेतल्या की निम्मं भांडण तिथंच मिटतं.

कायदा तुम्हाला मी काय सांगावा! पण त्या रात्री बाकावरच्या एकाच्या तोंडी 'आमच्यावर केस होईल का' हा प्रश्न होता, म्हणून लिहितो. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे लाटण्याचं जुन्या दंड संहितेतलं कलम ४०३ आता भारतीय न्याय संहितेत ३१४ झालंय, शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षं. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की सापडलेली वस्तू मालकाला परत देण्यासाठी किंवा त्याच्यासाठी सांभाळण्यासाठी जो उचलतो तो अप्रामाणिक नव्हे. १८७२ चा करार कायदा तर सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याला ती विश्वासानं सोपवलेल्या माणसाचा दर्जा देतो. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी, साहेबाच्या राज्यातसुद्धा, त्याला संशयित धरलेलं नव्हतं. हे एवढंच त्या पोरांना कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर!

याच्या शेजारचं उदाहरण तुमच्या रोजच्या कामातलं आहे. अपघातातल्या जखमीला उचलायला लोक घाबरायचे, कारण पुढे ठाण्याच्या आणि कोर्टाच्या चकरा. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं, मग नियम आले. आता त्या माणसावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर, आणि त्याला मानानं वागवायचं हे नियमातच लिहिलंय. त्याचे हक्क रुग्णालयाच्या दाराशी स्थानिक भाषेत लावायचे आहेत. बक्षीसही आधी ५ हजार होतं, २०२५ मध्ये २५ हजार झालं. हे सगळं का करावं लागलं? माणसं निर्दयी होती म्हणून नाही, मदत महाग पडत होती म्हणून. पाकीट परत करायला येणाऱ्यासाठी असा काही नियम नाही, पण नियम येईपर्यंत माणुसकी थांबवून ठेवायचं काही कारणही नाही.

जपानचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं. तिथली माणसं जात्याच प्रामाणिक, असं म्हणून आपण सुटका करून घेतो. मला ते अर्धवट वाटतं. तिथं चौकाचौकात 'कोबान' नावाची छोटी पोलीस चौकी असते, आणि सापडलेली वस्तू तिथं दिली की पोलीस देणाऱ्याचा कागद करून देतात. मालक आला तर त्यानं वस्तूच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के देणाऱ्याला द्यायचे असा कायदाच आहे. तीन महिन्यांत कुणी आलं नाही तर बहुतेक वस्तू देणाऱ्याच्याच होतात. मोबाइल, ओळखपत्रं वगैरे सोडून, तेही नीट विचार करून वगळलेलं. तेव्हा संस्कारांचं श्रेय त्यांना जरूर द्या, पण चौकीवरच्या त्या कागदालाही थोडं द्या.

आणि आपली पोरं कमी आहेत असं मानायला मला आधार दिसत नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा प्रयोग छापून आला होता. ४० देशांतल्या ३५५ शहरांत, भारतातल्याही, १७ हजारांहून जास्त पाकिटं बँका, पोस्ट, हॉटेलं, पोलीस ठाणी अशा ठिकाणी 'सापडलं' म्हणून दिली आणि किती जण मालकाला कळवतात ते पाहिलं. पैसे जास्त असले की परत कमी येतील असा सामान्य लोकांचा अंदाज होता, आणि खरं काय होईल ते अर्थतज्ज्ञांनाही ओळखता आलं नाही. झालं उलटं. पैसे असलेली पाकिटं जास्त परत आली. मला त्यातली किल्लीची गोष्ट जास्त आवडली. काही देशांत पाकिटात किल्ली असलेली आणि नसलेली अशी तुलना केली, तर किल्ली असलेली आणखी जास्त परत आली. सापडणाऱ्याला त्या किल्लीचा काहीच उपयोग नसतो, पण मालकाचं तिच्यावाचून अडलेलं असतं, आणि ते लोकांना दिसतं. अक्काच्या गोळ्या म्हणजे तीच किल्ली.

आता सत्कारांबद्दल. 'प्रामाणिक तरुणांचा पोलिसांकडून गौरव' अशी बातमी आणि शाल-श्रीफळाचा फोटो मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या पेपरात बघतो. करा, जरूर करा, घरच्यांना आनंद होतो. फक्त बातमी देताना 'हलाखीची परिस्थिती असूनही' हे शेपूट लावू नका. हलाखी आणि चोरी यांची सोयरीक आपणच जुळवतो आणि मग ती मोडल्याचं नवल करतो. सातारा जिल्ह्यात २०१९ च्या दिवाळीत एका माणसाला बस थांब्यावर ४० हजार रुपये सापडले, त्यानं आजूबाजूला विचारून मालक शोधला आणि बक्षीस म्हणून फक्त ७ रुपये घेतले, कारण तिकीट दहाचं होतं आणि खिशात तीनच होते. बातमी देशभर गाजली. लोकांनी त्या तीन रुपयांचं कौतुक केलं. मला त्या सात रुपयांचा हिशेब आवडला. घरी पोचायला लागतील तेवढे घेण्यात त्याला लाज वाटली नाही, त्याहून जास्तीची गरज वाटली नाही. आमच्या दोघा पोरांची शेवटची गाडी चुकली होती. तुमच्या ठाण्यात कुणी त्यांना 'घरी कसे जाणार' एवढं विचारलं असतं, तर माझ्या लेखी तो सत्कारच होता.

रेल्वे सुरक्षा दलानं 'ऑपरेशन अमानत' नावाखाली गाड्यांत राहिलेल्या सामानाचे फोटो संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली, ते मला चांगलं वाटतं. आपल्या राज्यातही हरवल्याची नोंद घरबसल्या करता येते. पण सापडलेली वस्तू कुणीतरी उठून, आपला वेळ मोडून, स्वतःच्या पायांनीच आणून द्यावी लागते. ते काम बहुतेक वेळा पोरंच करतात, कारण मोठी माणसं 'कशाला भानगडीत पडतोस' म्हणून पुढे गेलेली असतात.

तर माझं मागणं मोठं नाही. नवं पद नको, योजना नको, निधी नको. आलेल्या पोराला बसायला सांगा आणि घरी फोन करू द्या. बाप काय करतो हे विचारू नका. आतल्या वस्तू त्याच्यासमोर मोजा. स्टेशन डायरीत नोंद करा आणि त्याला पोचपावती द्या. या पावतीवर मी अडून बसणार आहे. आयुष्यभर पोचपावत्यांवर शिक्के मारलेत, त्या कागदाची ताकद मला ठाऊक आहे. उद्या मालकानं आणखी पाच हजारांचा दावा केला तर पोराच्या हातात काहीतरी असतं, आणि तुमच्याही. वर्गात, घरात, गल्लीत दाखवायलाही असतं. त्याला नाव गुप्त ठेवायचं असेल तर ठेवा. मालकाला वस्तू मिळाली की एक फोन त्याला करा. शाळकरी मूल असेल तर त्याच्या घरी किंवा शाळेत कळवा आणि लगेच सोडा.

पावतीचा नमुना मी अर्ध्या पानात तयार केलाय: काय मिळालं, कुठे, केव्हा, आत काय काय होतं, आणणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही आणि बक्कल नंबर, आणि खाली एक ओळ, 'ही वस्तू आपण स्वतःहून आणून दिली आहे.' कार्बन लावून दोन प्रती निघतील असं पुस्तक आमच्या गावचा छापखाना करून देतो. त्या शिपाई मुलीला मी पहिलं पुस्तक नेऊन दिलं. साहेबांना विचारते म्हणाली. तुमच्यापैकी ज्याला हवं असेल त्यानं कळवावं, पहिली शंभर पानं माझ्या खर्चानं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी